हाडांचे रक्ताचे नाते

मार्गशीर्षातला गुरुवार होता. नाशिकची थंडी ऐन भरात होती. आमच्या गंगापूर रोडवर सहा वाजताच माणसांची वर्दळ सुरू होते. कुणी सोमेश्वरच्या दिशेने झपाझप निघालेले असते, कुणी गोदापार्ककडे वळलेले असते, कानटोप्या घातलेले पेन्शनर घोळक्या-घोळक्याने राजकारण करत चाललेले असतात. मीही त्यातलाच एक. त्या दिवशी जेहान सर्कलपर्यंत पोचलो असेन-नसेन, तोच खिशातला फोन वाजला. घरून सौ.चा आवाज आला, ''लवकर या, आक्का पडल्यात.''

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय ६६. यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. गुरुवारचा घट मांडायचा म्हणून पहाटे उठली, आंघोळ केली, फुलांची परडी घेऊन वळली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन जागच्या जागी कोसळली. पाय घसरला नव्हता, लादी ओली नव्हती. ''अरे, कुणी ढकलल्यासारखं झालं बघ,'' एवढेच ती सांगत होती. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि तिला तो उचलता येत नव्हता.

इस्पितळात एक्स-रे निघाला. खुब्याचे हाड, मांडीच्या हाडाची वरची मान, मोडले होते. हाडांचे डॉक्टर तरुण होते. म्हणाले, ''काका, गोळा बदलावा लागेल. शक्यतो दोन दिवसांच्या आत करू. या वयात माणूस जितका जास्त दिवस अंथरुणावर, तितका धोका जास्त.'' मी मान डोलावली. पैशांची जुळवाजुळव मनात सुरू झाली. तासाभरात भूलतज्ज्ञ बाई हातात रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ''आजींना भूल देता येणार नाही. हिमोग्लोबिन ७.६ आहे.''

मी चक्रावलो. हाड मोडले होते, ते दिसत होते. मध्येच हे रक्त कुठून आले?

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात माझे पुढचे काही महिने गेले. वाचकहो, ते उत्तर तुमच्याही घरातल्या एखाद्या आईच्या, काकूच्या, वहिनीच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

कपाटातला कागद

त्या रात्री रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. आमच्या सोसायटीतली दोन मुले रात्री दहा वाजता रक्तपेढीत जाऊन बदली रक्त देऊन आली. त्यांची नावे मी कधी नीट लक्षात ठेवली नव्हती, पार्किंगवरून वाद मात्र घातले होते. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि ती नीट पार पडली.

डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले होते. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेली. कागद नीट लावून ठेवण्याची हाताला सवय. आक्काची फाइल काढली आणि तारखेप्रमाणे लावलेले कागद चाळू लागलो. चार वर्षांपूर्वी कॉलनीत आरोग्य शिबिर झाले होते, त्याचा रिपोर्ट हाती आला. हिमोग्लोबिन ९.१. आकड्याखाली रेघ ओढलेली. बाजूला छापलेले, 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा'. त्या कागदाला भोक पाडून तो फाइलला लावणारा मीच होतो. ''बायकांचं थोडं कमीच असतं,'' असे त्या वेळी मी म्हणाल्याचेही मला आठवले. आक्का त्यावर हसली होती आणि चहा टाकायला आत गेली होती.

आज मागे वळून पाहिले तर खुणा किती होत्या! दुसऱ्या मजल्यावर चढताना ती मधल्या चौकात थांबायची. चेहरा पांढुरका दिसायचा, आम्ही म्हणायचो, आक्का म्हातारपणी गोरी झाली. तांदूळ निवडताना चिमूट-चिमूट कच्चे तांदूळ तोंडात टाकायची तिला सवय लागली होती. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ असले काही खावेसे वाटणे हे बरेचदा शरीरात लोह कमी पडल्याचे लक्षण असते, हे मला आता कळले. तेव्हा आम्ही तिची थट्टा करत होतो.

हाडाच्या आतला कारखाना

हाड म्हणजे घराचा खांब, एवढीच आपली समजूत असते. खांब मजबूत हवा, त्यासाठी कॅल्शियम हवे, संपले. पण हाड हा आतून चालता कारखाना आहे. आपल्या आयुर्वेदाने सप्तधातूंची माळ सांगितली, तीत रस, रक्त, मांस, मेद यांच्यानंतर अस्थी आणि मग मज्जा येते. म्हणजे रक्त आधी, मज्जा शेवटाकडे. आधुनिक वैद्यकाला १८६८ साली उलटा प्रवास दिसला. जर्मनीत अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीत ज्युलिओ बिझोझेरो या दोघांनी त्याच वर्षी दाखवून दिले, की रक्तातल्या तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत जन्म घेतात. मोठ्या माणसात मणके, कंबरेचे हाड, छातीचे हाड, बरगड्या आणि लांब हाडांची खुब्या-खांद्याकडची टोके ही या कारखान्याची मुख्य ठिकाणे. तिथे सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात आणि प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस जगते.

एवढ्यावर हे नाते संपत नाही. हाड रोज थोडे मोडले जाते आणि थोडे नव्याने बांधले जाते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग वर्षाकाठी असा नवा होतो. यातल्या हाड कुरतडणाऱ्या पेशी रक्ताच्याच घराण्यातल्या आहेत. पांढऱ्या पेशींचे काही कुळ पुढे जाऊन त्या बनतात. हाड बांधणाऱ्या पेशी मज्जेतच राहतात आणि रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींना शेजारधर्माने सांभाळतात. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे राहावीत तसे हे आहे. एकाकडे चूल पेटली नाही, की दुसऱ्याला ते जाणवतेच.

लोहाचे उदाहरण घ्या. लोह हिमोग्लोबिनला लागते हे शाळेतला मुलगाही सांगेल. पण हाडाची लवचीक जाळी, म्हणजे कोलॅजन, नीट विणले जाण्यासाठीही लोह लागते. आपण उन्हातून मिळवतो ते ड जीवनसत्त्व शरीराच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणणाऱ्या विकरांमध्येही लोह असते. शिवाय रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी, आणि प्राणवायू कमी पडला की हाड कुरतडणाऱ्या पेशींना जोर चढतो आणि बांधणाऱ्या पेशी मंदावतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मूत्रपिंडाची गंमत तर पाहा. मज्जेला 'रक्त बनव' असा निरोप धाडणारे संप्रेरक तिथेच तयार होते आणि ड जीवनसत्त्वाला शेवटचा हातही तिथेच फिरतो. म्हणून मूत्रपिंड थकले की माणसाचे रक्त आणि हाड दोन्ही एकदमच खचतात.

इटलीतला कियांती हा आपल्या नाशिकसारखाच द्राक्षांचा आणि वाइनचा मुलूख. तिथल्या वयस्कर लोकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी, त्यांच्या, विशेषतः बायकांच्या, हाडांची घनताही कमी असल्याचे त्यात आढळले. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत, त्याच वर्षी, ब-१२ जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांची हाडे विरळ असल्याचे दिसले.

पण इथे एक सावधगिरी हवी. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली, असे होत नाही. म्हातारपण, निकृष्ट आहार, दीर्घ आजार या गोष्टी रक्त आणि हाड दोघांनाही एकाच वेळी पोखरतात. शिवाय रक्त कमी असलेल्या माणसाला चक्कर येते, स्नायूंत ताकद राहत नाही, तो पडतो. मजबूत हाडसुद्धा आपटले तर मोडू शकते. आक्काच्या बाबतीत काय झाले? डॉक्टर म्हणाले, ''काका, बहुधा दोन्ही. हाड पोकळ होतं म्हणून मोडलं, आणि रक्त कमी होतं म्हणून त्या पडल्या.'' पुढे हाडांची घनता मोजली तेव्हा आकडा उणे २.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला, की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

तीन दिवस

शस्त्रक्रिया झाली, आता घरी जायचे, असे आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, ''उतारवयात हाड सहज मोडलं आणि रक्तही कमी असलं, की आम्हाला आणखी एका आजाराची शंका घ्यावी लागते. मज्जेचा कर्करोग. मायलोमा म्हणतात त्याला. असेलच असं नाही. पण तपासल्याशिवाय सोडणार नाही.''

रक्तातल्या प्रथिनांची तपासणी पाठवली. रिपोर्टला तीन दिवस लागणार होते. ते तीन दिवस मी कसे काढले, ते माझे मला ठाऊक. आक्काला काही सांगितले नव्हते. ती मला विचारत होती, ''उद्यापनाचं काय करायचं रे? शेवटचा गुरुवार राहिला.'' लहानपणी वडील गेल्यावर मला शाळेत नेऊन सोडणारी, स्वतःची शाळा सोडून शिवणकाम करणारी ती ही आक्का. आईच्या पंगतीला ती सगळ्यांत शेवटी बसायची आणि सासरीही तेच. माझ्या घरी आल्यावरसुद्धा ते कधी बदलले नाही आणि मीही कधी बदलायला लावले नाही.

शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडचा एक तरुण होता, पंचविशीच्या आतबाहेरचा. त्याचे हाड मोडलेले नव्हते, तरी त्याला पाऊल टाकता येत नव्हते. त्याला सिकलसेल होता. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आधीच बारीक. त्या तुंबल्या की गोळ्याचे हाड मरते आणि ढासळते. रक्ताचा आजार हाडावर कसा उतरतो, याचा याहून ढळढळीत पुरावा मला नको होता. हा आजार आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारकडे आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत विशेष दिसतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून २०४७ हे तिचे लक्ष्यवर्ष आहे. तो मुलगा मला म्हणाला, ''मामा, मला वाटलं बांधकामावर ओझं उचलून पाय दुखतो. तीन वर्षं गोळ्या खाल्ल्या.'' आक्कासारखीच त्याचीही दुखण्याची जागा एक आणि आजाराची जागा दुसरीच होती.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. मायलोमा नव्हता. मी इस्पितळाच्या जिन्यात बसून घेतले.

गुडघ्याची गोळी

मग रक्त गेले कुठे? बायकांच्या तरुणपणी पाळीतून रक्त जाते, बाळंतपणात जाते. पण पाळी थांबून पंधरा वर्षे झालेल्या बाईचे हिमोग्लोबिन घसरत असेल, तर 'खाणे कमी पडते' एवढ्यावर थांबू नये, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. दुर्बिणीने पोटाची तपासणी झाली आणि जठरात व्रण सापडला. तो झिरपत होता.

व्रणाचे मूळ आक्काच्या पिशवीत होते. गेली पाच-सहा वर्षे गुडघे दुखतात म्हणून ती दुखणे थांबवणारी गोळी घेत होती. एकदा कुणीतरी लिहून दिलेली. पुढे चिठ्ठीची गरज उरली नाही. कधी दिवसाला एक, सणासुदीच्या कामात दोन. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी, चहाबरोबर.

याचे गणित साधे आहे, पण भयंकर आहे. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. रोज एक-दोन चहाचे चमचे रक्त पोटात झिरपले, तर तीन ते पाच मिलिग्रॅम लोह जाते. शरीर एरवी अन्नातून जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह रोज शोषून घेते. एवढे थोडे रक्त डोळ्यांना दिसतही नाही. शौचाचा रंग काळा व्हायला बरेच जास्त रक्त जावे लागते. खात्यातून रोज पाच रुपये जातात आणि दोन जमा होतात. बँकेतल्या माणसाला याचा शेवट सांगायला नको.

म्हणजे हाडासाठी घेतलेल्या गोळीने रक्त नेले, आणि रक्त गेले म्हणून शेवटी हाड मोडले. हे सारे माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच स्वयंपाकघरात घडत होते.

घरोघरी

ही एकट्या आक्काची गोष्ट असती तर मी लिहिली नसती. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या पाहणीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. निम्म्याहून अधिक! ज्या वयात हाडांची शिल्लक साठवायची, नेमक्या त्याच वयात रक्ताचे खाते रिकामे. पुरुषांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे व परिसरातल्या ४४१ निरोगी पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते.

रक्तक्षयाच्या अभ्यासात आपल्या महाराष्ट्राचे एक मानाचे पान आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्या काय खातात, कशा राहतात, हे तिने पाहिले आणि यीस्टच्या अर्काने त्यांचा रक्तक्षय बरा होतो, हे १९३१ साली जगापुढे मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे उलगडले. आज जगभर गरोदर बायकांना दिली जाणारी ती छोटीशी गोळी मुंबईच्या गिरणी कामगारणींच्या रक्तातून शोधली गेली. आणि त्यांच्याच लेकी-सुनांचे, नातींचे रक्त अजून कमीच आहे, याला काय म्हणावे?

आम्ही काय बदलले

आक्का आता काठी घेऊन चालते. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झाले. बायकांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली गेले, की रक्तक्षय मानतात, म्हणजे अजून थोडे अंतर आहे. व्रण भरला. हाडांसाठी औषध सुरू आहे.

औषधापलीकडे घरात जे बदलले, ते मोठे वैद्यकीय नाही. जेवणानंतर लगेच चहा बंद. चहा लोहाला अडवतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घ्यायची नाही. एक सकाळी, एक रात्री. आम्ही इतकी वर्षे दोन्ही 'ताकदीच्या गोळ्या' एकत्रच घ्यायच्या समजत होतो. ताटात लिंबाची फोड आली, कारण क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली नागली आमच्या शहरी घरातून कधीच हद्दपार झाली होती, ती परत आली. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आक्काचा उपास कुणी सोडवू शकणार नाही, पण साबुदाण्याच्या जागी राजगिरा, शेंगदाणे, खजूर आले. सकाळचे ऊन अंगावर घेत ती अंगणात फेऱ्या मारते. आणि आम्लपित्ताची असो वा दुखण्याची, कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय महिनोन् महिने चालू ठेवायची नाही, हा घरातला कायदा झाला आहे.

लोह कमी आहे की नाही, हे न तपासता आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या घेत राहणेही बरे नव्हे. थॅलसेमियाच्या रुग्णांत वारंवार रक्त चढवून लोह साठते, तेव्हा तेही हाडांना पोखरते. कमी वाईट, तसे जास्तही वाईट. म्हणून आधी तपासणी, आणि आकडा कमी आला तर 'का' हा प्रश्न. तो 'का' विचारायला मी चार वर्षे उशीर केला.

परवा पुन्हा गुरुवार होता. मी फिरून आलो तेव्हा स्वयंपाकघरात पाने वाढली होती. सवयीने मी माझ्या पाटावर बसलो. आक्का ओट्याशी उभी, ''तुम्ही घ्या, मी मागून बसते.''

मी उठलो, तिचा हात धरला आणि तिला खुर्चीवर बसवले. तिचे पान वाढले. नागलीची भाकरी, मेथीची भाजी, लिंबाची फोड.

''अरे, लोक काय म्हणतील? भाऊ वाढतोय,'' ती हसत म्हणाली.

''म्हणू देत,'' मी म्हणालो. ''आक्का, आधी तू जेव.''